डोंगरात ताफा नेण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोथरूडमधील तीन कुटुंबे आणि दोन मित्र असे चौदा जण नोव्हेंबरच्या अखेरीस दोन रात्रींसाठी वेल्हे–केळद भागात गाड्या घेऊन जाण्याचा विचार करीत आहोत. तीन दारांच्या दोन थार, एक जिम्नी आणि टू-व्हील ड्राइव्हच्या दोन साध्या एसयूव्ही आमच्याकडे आहेत. चालकांपैकी दोघांनाच कच्च्या वाटेचा सराव आहे. बरोबर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आणि तीन मुले असतील. शक्य तितका प्रवास डांबरी रस्ता सोडून व्हावा, मुक्काम तंबूत व्हावा आणि मढे घाटाच्या माथ्यावरून सूर्यास्त पाहता यावा, अशी सर्वांची इच्छा आहे. तयारीला सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रात गाड्यांची माहिती सविस्तर आहे, परंतु माझ्या मते त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य दोघांनाच सराव असल्याचे आहे. ताफ्याचा वेग, वाट, मुक्कामाची जागा आणि परत फिरण्याची वेळ या चारही गोष्टी सर्वांत नवख्या चालकाच्या आणि सर्वांत कमी क्षमतेच्या गाडीच्या मापाने ठरवाव्या लागतात, आणि त्या घरी बसून, निघण्याच्या आधी ठरवाव्या लागतात. डोंगरात पोहोचल्यावर उत्साह, भीड आणि थकवा यांमुळे हे ठरवणे फार अवघड होते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चार गाड्या घेऊन भोरच्या पश्चिमेकडील डोंगरात गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास एका ओढ्यापाशी वाट खचलेली आढळली. चौघांपैकी दोघांच्या मनात परत फिरावे असे होते, पण ते कोणीच बोलून दाखवले नाही, कारण तो निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेले नव्हते. पहिली गाडी पलीकडे गेली, दुसरी ओढ्यात रुतली आणि ती बाहेर काढेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले. मुले अलीकडच्या काठावर आणि त्यांचे जेवण पलीकडे गेलेल्या गाडीत, अशी आमची अवस्था झाली. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून मी प्रत्येक मोहिमेच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून सर्वांना वाचून दाखवतो. वाटेबाबत अखेरचा शब्द कोणाचा, किती वाजल्यानंतर नवा अडथळा ओलांडायचा नाही, आणि कोणत्याही एका चालकाने ‘मला जमणार नाही’ म्हटले की सगळा ताफा विनाचर्चा मागे फिरेल. यातील तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे.

वेळेचे गणित एकदा मांडून पाहावे. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. खडकाळ चढावर किंवा घळीत एका वेळी एकच गाडी सोडायची असते; ती सुखरूप वर पोहोचेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे. एका गाडीला दहा मिनिटे धरली तरी पाच गाड्यांना पन्नास मिनिटे लागतात, आणि असे तीन अडथळे आले की दुपार संपते. म्हणून दिवसाला कच्च्या वाटेचे पंधरा-वीस किलोमीटर पुरेसे समजावेत आणि चारच्या आत तळावर पोहोचावे, म्हणजे तंबू उजेडात उभे राहतील आणि आजूबाजूची जमीन नीट पाहून घेता येईल.

आता गाड्यांविषयी. दोन्ही थार आणि जिम्नी मिळून बाराच जागा होतात, त्यामुळे साध्या गाड्या पुण्यात ठेवून येता येणार नाही. माझी सूचना अशी की तळ डांबरी रस्त्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावा. साध्या गाड्यांनी सामान, आजोबा आणि थकलेली मुले घेऊन थेट तळावर जावे, आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या थार आणि जिम्नी गाड्यांनी दिवसा कच्च्या वाटेची फेरी करून संध्याकाळी तेथेच यावे. ज्यांना अनुभव घ्यायचा आहे त्यांनी आळीपाळीने त्या गाड्यांत बसावे. रात्री कोणाची प्रकृती बिघडली तर रस्ता जवळ असण्याचे मोल कळते. मढे घाटाबाबत एक स्पष्ट करतो, की कोकणात उतरणारा हा घाट पायवाटेचा आहे आणि तेथे गाडी उतरवण्याचा प्रयत्नही करू नये. तानाजी मालुसरे यांचे पार्थिव सिंहगडावरून उमरठ्याला याच वाटेने नेले, असे परंपरा सांगते. सूर्यास्त पाहण्यासाठी कड्याच्या अलीकडे बरेच अंतर राखून गाड्या उभ्या कराव्यात आणि शेवटचा टप्पा चालत जावे. तंबू तर कड्यावर मुळीच लावू नयेत, कारण रात्री तेथे वाऱ्याचा जोर असतो आणि अंधारात उठलेल्या मुलाला कडा दिसत नाही.

ताफा चालताना सराव असलेला एक चालक आघाडीला आणि दुसरा पिछाडीला असावा, नवखे मध्ये असावेत. प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसते आहे ना, एवढे पाहावे. ती दिसेनाशी झाली की थांबावे, आणि फाट्यावर वळण्यापूर्वी तर थांबावेच. हा साधा नियम पाळला की कोणीही चुकत नाही. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलची रेंज अचानक जाते, त्यामुळे वॉकी-टॉकी उपयोगी पडतात, मात्र आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येणारे हाती संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले असावे लागतात, हे विकत घेताना पाहून घ्यावे. पुण्यातील एका जबाबदार नातेवाइकाकडे वाट, मुक्कामाचे गाव, गाड्यांचे क्रमांक आणि ‘रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा’ अशी सूचना लिहून द्यावी.

पाण्याचा हिशेब बहुतेक गटांचा चुकतो. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला पाच लिटर धरले, तर चौदा जणांना दोन दिवसांसाठी १४० लिटर पाणी लागते, म्हणजेच दोन धडधाकट माणसांइतके वजन. पाण्याचे कॅन टपावर बांधू नयेत. टपावरचे वजन गाडीचा तोल वर नेते, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचे ते एक मोठे कारण असते. कॅन गाडीच्या तळाशी, मागच्या सीटला लागून घट्ट बांधावेत. इंधनाच्या बाबतीतही लहानाचे माप धरावे. थारची टाकी ५७ लिटरची आणि जिम्नीची ४० लिटरची आहे, आणि फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाके चालवणाऱ्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, इंधन नेहमीपेक्षा बरेच जास्त जाते, म्हणून नसरापूरलाच सर्व टाक्या भरून घ्याव्यात.

रात्री थंडी चांगली असते. तरीही तंबूत शेगडी नेणे किंवा बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणे हे दोन्ही कटाक्षाने टाळावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. झोपण्यापूर्वी बूट तंबूच्या आत घ्यावेत आणि बाहेर पडताना विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. सह्याद्रीच्या खडकाळ पठारांवर फुरसे हा विषारी साप आढळतो आणि तो अंधारात दिसत नाही. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता त्या माणसाला गाडीत घालून सरकारी रुग्णालयात न्यावे आणि वाटेत १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाला कळवावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्या खाली धूर करू नये आणि उग्र अत्तरे लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर गाडीत शिरून काचा बंद करणे हा सर्वांत चांगला आसरा आहे.

जागेच्या परवानगीविषयी आपण विचारलेले नाही, पण ते सांगणे मला आवश्यक वाटते. डोंगरात मोकळी दिसणारी जमीन कोणाची तरी असते. ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची असेल, गावाचे गायरान असेल, देवराई असेल किंवा वनखात्याची असेल. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे आणि आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. आठवडाभर आधी एकाने गावात जाऊन पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, जागा त्यांच्याकडूनच दाखवून घ्यावी आणि जमीनमालकाला मोबदला विचारावा. त्या फेरीत वाटही पाहून होते. रात्रीचे जेवण गावातल्या एखाद्या घरी सांगितले तर सामानाचा निम्मा भार हलका होईल आणि चुलीवरची भाकरी मिळेल.

प्रश्न : आमच्या गटात टायरमधील हवा कमी करण्यावरून आणि रुतलेली गाडी ओढण्याच्या पद्धतीवरून नेहमी मतभेद होतात. योग्य काय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : हवा कमी करणे योग्यच आहे. हवा कमी केल्याने टायर पसरतो, जमिनीला अधिक भागाने टेकतो आणि दगडाच्या आकाराशी जुळवून घेतो, त्यामुळे पकड वाढते, धक्के कमी बसतात आणि वाटही कमी उखडते. रस्त्यावर हवेचा दाब ३२ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) ठेवत असाल तर कच्च्या वाटेवर २२ ते २४ पुरे. नवख्या चालकाने २० च्या खाली जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेग कमीच ठेवावा आणि डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. म्हणून ज्या गटाकडे चालू स्थितीतला कंप्रेसर नाही, त्याने हवा सोडू नये.

गाडी ओढण्याच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते, कारण या खेळातील सर्वांत वाईट अपघात दोर ताणलेला असताना होतात. गाडी रुतली की एक्सिलरेटर दाबत राहिल्याने ती आणखी खोल जाते. आधी खाली उतरावे, फावड्याने चाकांपुढची माती काढावी, चपटे दगड घालावेत आणि हवा थोडी कमी करावी; बहुतेक वेळा एवढ्यावर गाडी निघते. ओढावीच लागली तर दोर दोन्ही बाजूंना चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) पक्क्या जोडलेल्या हुकालाच बांधावा. ट्रेलर जोडण्याचा गोळा यासाठी नसतो. लहान गाड्यांच्या बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी नेण्यासाठी असतो, तो चिखलातून हिसका मारून ओढण्याचा ताण सोसत नाही. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये, ताणलेला दोर कोणी ओलांडू नये, आणि दोराच्या मध्यावर जाजम किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी त्याची उसळी कमी होते.

याला जोडूनच चढ-उताराविषयी लिहितो. उतारावर फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकून पाय क्लचवरून पूर्ण काढावा आणि इंजिनाच्या रोधानेच गाडी उतरू द्यावी. घाबरून क्लच दाबला की तो रोध नाहीसा होतो आणि गाडी सुटते. चढावर गाडी अर्ध्यात थांबली तर तेथे वळवण्याचा मोह आवरावा. रिव्हर्स गिअर टाकून आल्या वाटेने सरळ मागे उतरावे, कारण उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. ओढा लागला तर आधी एकाने काठी घेऊन चालत जावे. जेथे माणसाला नीट उभे राहता येत नाही तेथे गाडी घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन निकामी होते.

प्रश्न : सह्याद्रीत तीन-चार मोहिमा झाल्यावर आमचा सहा गाड्यांचा गट पुढच्या जुलैत पुण्याहून स्पितीला जाणार आहे. मनालीवरून काझाला लवकर पोहोचता येते असे समजले. तो मार्ग घ्यावा का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : जाताना तो घेऊ नये, परतताना घ्यावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि आपला तोरणाही साधारण १,४०० मीटरचा. मनालीहून निघालेला माणूस त्याच दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड ओलांडतो आणि रात्री काझाला, म्हणजे सुमारे ३,६५० मीटरवर झोपतो. शरीराला एवढी सवय एका दिवसात होत नाही. सिमल्याहून किन्नौरमार्गे गेल्यास कल्पा सुमारे २,९६० मीटरवर आणि ताबो सुमारे ३,२८० मीटरवर लागते, त्यामुळे उंची हळूहळू वाढते. तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरहून अधिक वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा सर्वमान्य नियम आहे. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली की त्या दिवशी आणखी वर जाऊ नये. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली आणावे. औषधांबाबत निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी.

तेथील नाल्यांचा स्वभाव सह्याद्रीतल्या ओढ्यांहून वेगळा आहे. आपल्याकडे ओढा पावसाने चढतो, तेथे तो उन्हाने चढतो. दिवसभर बर्फ वितळत राहते आणि दुपारनंतर नाल्यांचे पाणी वाढते, म्हणून परतताना मनालीच्या वाटेवरचा बातल ते ग्रामफू हा टप्पा पहाटे निघून सकाळीच पार करावा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे भरलेली गाडी चढावर दमली तर बिघाड झाला असे समजून घाबरू नये. वाटेतल्या चंद्रताल सरोवराच्या काठावर तंबू लावण्यास मनाई आहे, छावण्या काही किलोमीटर अलीकडे असतात. पुण्याहून सिमल्यापर्यंतच १,७०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे. ते दोन दिवसांत कापून थकलेल्या अवस्थेत डोंगराला भिडू नये.

प्रश्न : माझे गाव राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात आहे. शनिवार-रविवारी शहरातून गाड्यांचे ताफे येतात. पाहुणे यावेत, जेवण-मुक्कामाचे दोन पैसे गावाला मिळतात, याचा आनंदच आहे. पण यंदा पावसात सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, गाड्या फिरवून चिखल केला गेला आणि माझ्या खाचराचा बांध एका ताफ्याच्या चाकाखाली फुटला. भरपाई कोणाकडे मागावी?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आपले पत्र वाचून मनाला लागले, आणि ताफा नेणाऱ्या प्रत्येक वाचकाने ते वाचावे म्हणून येथे छापले आहे. सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो. पावसाळ्यात त्यावर उगवणारी फुले आणि गवत त्याच थरावर जगतात आणि तेच तो थर धरून ठेवतात. ओल्या सड्यावर एकदा उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट होते आणि मातीचा तो थर वाहून जातो. सह्याद्रीत ऑफ-रोडिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडणे. गावाने, बैलगाडीने, ट्रॅक्टरने पाडलेली वाट सोडणे नव्हे. पावसाळ्यात तर जमीन वाळेपर्यंत ताफ्यांनी येऊच नये, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा दरडींचाही धोका असतो. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, हे कोणीही विसरू नये. दिवाळीनंतर यावे, पण तेव्हा वाळलेल्या गवतावर तापलेल्या सायलेन्सरची गाडी उभी करू नये, कारण वणवा एवढ्यानेही लागतो.

आपल्या बांधाबाबत गाडीचा क्रमांक ठाऊक असेल तर पोलीस पाटलांमार्फत लेखी तक्रार द्यावी आणि फुटलेल्या बांधाची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. वनखात्याच्या जमिनीवर गाड्या शिरल्याचे दिसले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. ग्रामपंचायतीने ताफ्यांसाठी एकच जागा आणि एकच वाट ठरवून पावतीसह शुल्क घ्यावे, असेही सुचवतो. त्या रकमेतून वाटेची डागडुजी होईल आणि कोणती गाडी कधी आली याची नोंदही राहील. ज्या गटाच्या हातून बांध फुटला तो हे सदर वाचत असेल, तर त्याने येत्या आठवड्यात फावडी घेऊन त्या गावात जावे, बांध घालून द्यावा आणि खाचरात जेवढे पीक वाया गेले असेल त्याचे पैसे मालकाच्या हाती द्यावेत. गावाने जागा, वाट आणि शुल्क ठरवले की आम्हाला पोस्टकार्डाने कळवावे. पुढील अंकात याच सदरात ते छापू.